सुनंदाताईंचा आवाज

शाळा सुटल्यावर सुनंदाताई गुर्जर रिकाम्या वर्गात जाऊन बसत. शिक्षकांच्या खुर्चीत नाही, मुलांच्या खुर्च्यांपैकी एकीत. दिवा लावत नसत. न्यूझीलंडच्या लोअर हटमध्ये हिवाळ्यात चार वाजताच पश्चिमेच्या डोंगराची सावली शाळेवर येते आणि वर्गातल्या खुर्च्या, टेबलं, भिंतीवरचे तक्ते एकाच राखाडी रंगाचे होतात. त्यात त्या बसलेल्या असायच्या, दोन्ही हात मांडीवर ठेवून, अजिबात न हलता.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच. मी त्या शाळेत सायन्स लॅबची टेक्निशियन. प्रयोगांची मांडामांड करायची, नंतर सगळं धुऊन जागेवर ठेवायचं, हे माझं काम. नोकरीचा पहिलाच आठवडा होता. काचेच्या भांड्यांची ट्रॉली ढकलत मी कॉरिडॉरमधून चालले होते, सहज दाराच्या काचेतून आत पाहिलं आणि थबकलेच. अंधारात एक मोठी बाई लहान खुर्चीत बसली होती.

"आर यू ओके?" मी दार उघडून विचारलं.

त्यांनी सावकाश मान वळवली. माझ्या गळ्यातलं कार्ड पाहिलं आणि मराठीत म्हणाल्या, "मेधा ना? बसा. इथून बघा जरा."

मी शेजारच्या खुर्चीत बसले. फळ्याचा अर्धा भाग खांबाआड गेला होता. दार दिसत नव्हतं. पुढच्या खुर्च्यांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या.

"या खुर्चीत बसणारा मुलगा आज दिवसभर एक शब्द बोलला नाही," त्या म्हणाल्या. "म्हटलं, त्याला इथून काय दिसतं ते बघावं." मग थोडं थांबून, "मागे कोण बसतं ते त्याला दिसत नाही. नुसतं ऐकू येतं."

माझी मान आपोआप मागे वळली. मागे कोणीच नव्हतं, पण मला तिथे बसवेना. दुसऱ्या दिवशी त्या मुलाची जागा बदललेली होती, भिंतीला पाठ लागेल अशी. कोणाला रागावल्याचं मी ऐकलं नाही.

सुनंदाताई मूळच्या सांगलीच्या. गणित शिकवायच्या आणि आमच्या शाळेत एका इयत्तेच्या डीन होत्या. डीन म्हणजे त्या इयत्तेच्या पोरांची शाळेतली पालकच. भांडण, मारामारी, रडारड, फोनवरून चाललेली चिखलफेक, जे काही असेल ते आधी डीनकडे येतं. त्यांच्या घरच्या आयुष्याबद्दल मला फारसं माहीत नाही. नदीच्या बाजूला एका छोट्या घरात एकट्या राहायच्या, ऑकलंडला बहीण होती, एवढंच. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

रबरी तळव्यांचे बूट घालत, त्यामुळे त्या आल्याचं कधी कळायचं नाही. चहा स्टीलच्या पेल्यातून, वर बशी झाकून. मैदानावर ड्यूटी असली की मुलांकडे पाठ करून उभ्या राहायच्या, जिमच्या मोठ्या काचेकडे तोंड करून. मला आधी वाटलं, वाऱ्यामुळे असेल. दक्षिणेचा वारा सुटला की आमच्या मैदानावर डोळे उघडे ठेवणं कठीण. पण त्या काचेत बघत असायच्या. "मुलांकडे बघितलं की मुलं बदलतात," म्हणाल्या. "काचेत जशीच्या तशी राहतात."

काही शिक्षकांना त्यांची थोडी भीती वाटे. सफाईला येणारा माणूस त्या बसलेल्या वर्गाला वळसा घालून आधी पुढचे वर्ग करायचा. मुलांना मात्र भीती नव्हती. मुलं त्यांना 'मिस जी' म्हणत आणि त्यांची नक्कल करत, समोरसुद्धा. घाईघाईने काही सांगायला कोणी आलं की त्या म्हणायच्या, "स्लोली, स्लोली. नो हरी." मुलं हे एकमेकांना त्यांच्याच सुरात म्हणत. दुसरी गोष्ट नावांची. वर्गात पहिल्या दिवशी त्या प्रत्येकाला विचारायच्या, घरी तुझं नाव कसं घेतात? माओरी, सामोअन, सोमाली, चिनी, कुठलंही असो, एकदा ऐकलं की चुकत नसत. आमच्या ओळखीतल्या रूपालीची मुलगी त्याच इयत्तेत होती, ईरा. सगळी शाळा तिला आयरा म्हणायची. सुनंदाताई ईरा म्हणायच्या, आणि ती मुलगी तेवढ्यावर त्यांच्यावर खूश होती.

एकदा मधल्या सुट्टीत आम्ही स्टाफरूममध्ये बसलो होतो. बाहेर नेहमीचा गलका. सुनंदाताई मला अळूवडीसाठी चिंच भिजवण्याबद्दल काहीतरी सांगत होत्या आणि वाक्य अर्धवट टाकून उठल्या. पेल्यावर बशी ठेवली आणि चालू लागल्या.

"काय झालं?" मी मागे जात विचारलं.

"जिमच्या मागचा आवाज थांबला."

मला काहीच वेगळं जाणवलं नव्हतं. आम्ही वळसा घालून गेलो तर तिथे मुलांचं मोठं कडं. कोणी ओरडत नव्हतं, कोणी हसत नव्हतं. सगळ्यांचे हात वर आणि हातात फोन. शाळेत फोनला बंदी आहे, पण तेव्हा ते सगळे कुठून निघाले कोण जाणे. मध्ये दोन मुली. एक खाली पडलेली, दुसरी तिचे केस धरून उभी. आणि ती उभी असलेली मुलगीसुद्धा थांबली होती, जणू पुढे काय करायचं हे त्या फोनांनी सांगावं.

सुनंदाताई त्या कड्यातून आत गेल्या. त्यांनी कोणाला हात लावला नाही, आवाज चढवला नाही. ओल्या डांबरावर त्या मुलीशेजारी खाली बसल्या, मांडी घालून. तिचा हात हातात घेतला. मग वर बघून फोनांना म्हणाल्या, "नाऊ टेक माय व्हिडिओ."

कोणी हललं नाही. केस धरलेली मूठ सुटली. मग एक हात खाली आला, मग दुसरा, मग सगळेच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या दोघी सोडून बाकी सगळ्यांना त्याच जागी बोलावलं. मला म्हणाल्या, तूही ये, तूही तिथे होतीस. धुकं होतं, डोंगर दिसत नव्हते. त्यांनी एवढंच सांगितलं की काल जिथे उभे होतात तिथे उभे राहा. मुलं कुरबुरत, ढकलाढकली करत उभी राहिली. कडं पुन्हा तयार झालं. मी माझ्या जागी उभी राहिले. मधली जागा रिकामी होती.

"आता बघा," त्या म्हणाल्या.

आम्ही त्या रिकाम्या डांबराकडे बघत उभे होतो. पहिल्यांदा काही जण हसले. मग हसू थांबलं. मध्ये काहीच नव्हतं आणि तरी तिकडे बघवत नव्हतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. शेवटी एक दांडगा मुलगा, रग्बीच्या संघातला, "आय कान्ट, मिस," असं पुटपुटला आणि कड्यातून निघून मध्ये जाऊन उभा राहिला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्यामागून आणखी दोघी गेल्या. मग कडं राहिलंच नाही, मध्ये नुसता घोळका झाला.

"काल एवढंच हवं होतं," सुनंदाताई म्हणाल्या आणि सगळ्यांना वर्गात पाठवलं.

त्यानंतर वर्षभरात आमच्याकडे मारामाऱ्या थांबल्या असं मी म्हणणार नाही. पण कडं करून उभं राहणं कमी झालं. कोणी ना कोणी मध्ये जायचं.

ईराची गोष्ट पुढच्या हिवाळ्यातली.

दुपारी शाळा सुटून बराच वेळ झाला होता. रूपालीचा मला फोन आला. ती वेलिंग्टनला एका ऑफिसात आयटीत काम करते, ट्रेनने जा-ये. "मेधा, ईरा घरी पोचली नाहीये. फोन बंद येतोय. शाळेत आहे का गं?"

मी सुनंदाताईंकडे गेले. त्यांनी ईराच्या एका मैत्रिणीला गाठलं, ती नेटबॉलच्या सरावाला थांबली होती. तिने सुनंदाताईंकडे असं पाहिलं की मला आधी ते पाहणं कळलं नाही. ती त्यांना घाबरली होती. आजवर त्यांना घाबरलेलं मूल मी पाहिलं नव्हतं.

"बट मिस," ती म्हणाली, "यू टोल्ड हर."

"मी काय सांगितलं?"

मुलीने बॅगेतून फोन काढला आणि एक व्हॉइस मेसेज लावला.

सुनंदाताई माझ्यासमोर उभ्या होत्या. त्यांचे ओठ मिटलेले होते. आणि फोनमधून त्या बोलत होत्या. तोच सांगलीचा ठसका असलेला इंग्रजी आवाज, तोच संथपणा. ईरा, मिस जी बोलतेय. आमची मीटिंग झाली. मुली म्हणतात ते बरोबर आहे, तू शाळेच्या कॅम्पला आलेली कोणालाच नको आहे. उद्यापासून आली नाहीस तरी चालेल. कोणाला काही सांगत बसू नकोस. आणि शेवटी, तस्संच, "स्लोली, स्लोली. नो हरी."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, कुठेतरी हलतंय का म्हणून. मला त्यांची खात्री होती आणि तरीही मी बघत होते.

शाळेच्या वेबसाइटवर असेंब्लीची भाषणं टाकलेली असतात. त्यातून कोणीतरी त्यांचा आवाज उचलून यंत्राकडून हे बोलवून घेतलं होतं. आता हे लिहिताना सोपं वाटतं. त्या क्षणी ते कळायला वेळ लागला.

"तिने ईरा म्हटलं," सुनंदाताई इतकंच म्हणाल्या. फोनमधल्या आवाजाला त्या 'ती' म्हणाल्या होत्या.

मुख्याध्यापकांना सांगितलं, त्यांनी पोलिसांना कळवलं. रूपाली टॅक्सीने निघाली होती. ईराला नदीकाठी बसायला आवडतं, असं मैत्रीण म्हणाली. म्हणून आम्ही दोघी पुराच्या बांधावरून चालत निघालो. नदीवर धुकं उतरत होतं आणि उजेड कमी होत चालला होता. कुत्री फिरवणारी माणसं परतत होती. पुलाच्या अलीकडे, खाली गोट्यांवर, शाळेचं जॅकेट दिसलं. अगदी पाण्याशी.

"ईरा," सुनंदाताईंनी हाक मारली.

मुलगी दचकून उठली. मागे बघितलं, दोन्ही हातांनी कान घट्ट झाकले आणि पाण्याच्या दिशेने मागे सरकली. बूट पाण्यात गेले.

सुनंदाताई जागच्या जागी थांबल्या. तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मला हाताने खूण केली, तू बोल. आणि स्वतः तिथेच, बऱ्याच अंतरावर, गोट्यांवर खाली बसल्या.

मी बोलत राहिले. काय बोलले आठवत नाही. आई येतेय, मेसेज खोटा आहे, थंडी वाजेल, असलंच काहीतरी. ईरा माझ्याकडे बघत नव्हती. ती सुनंदाताईंकडे बघत होती आणि त्या एक शब्द बोलत नव्हत्या. जी बाई कोणत्याही मुलाला समजावू शकली असती, तिला आपला आवाज वापरता येत नव्हता. धुक्यात त्या नुसत्या बसून होत्या. पाण्याचा आवाज तेवढा येत होता. मी रूपालीला फोन करून जागा सांगितली.

बऱ्याच वेळाने ईराचे हात कानांवरून खाली आले. ती इंग्रजीत म्हणाली, "खरंच तुम्ही आहात, हे मला कसं कळणार?"

सुनंदाताई उठल्या, हळूहळू तिच्याजवळ गेल्या आणि थोड्या अंतरावर थांबल्या. मग गळ्याभोवतीचा स्कार्फ सोडला आणि मान थोडी वर केली. मला कळलं नाही, पण ईराला कळलं. तिने हात पुढे केला आणि बोटं त्यांच्या गळ्यावर ठेवली.

"घरी चल बाळा," सुनंदाताई मराठीत म्हणाल्या. "आई वाटेत आहे. मी तसं काही म्हटलं नाही. कधीच म्हणणार नाही."

शाळेत त्या तिच्याशी कधी मराठीत बोललेल्या नव्हत्या. ईराची बोटं गळ्यावर तशीच होती. "अगेन," ती म्हणाली. सुनंदाताईंनी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा "अगेन" म्हणाली. बांधावर टॅक्सीचे दिवे दिसले आणि रूपाली धावत खाली आली, तोपर्यंत त्या तेच तेच बोलत होत्या.

कोणी केलं हे शोधायला शाळेने बाहेरची माणसं बोलावली होती. त्याआधीच सुनंदाताईंना कळलं. "सगळे तिला आयरा म्हणतात," मला म्हणाल्या. "यंत्राकडून ईरा म्हणवून घ्यायचं तर नावाचं स्पेलिंग वेगळं लिहावं लागलं असेल. माझं इतकं कान देऊन ऐकणारं वर्गात कोण आहे?" त्या टोबीकडे गेल्या. पहिल्या रांगेत बसणारा, गणितात हुशार, कधी कोणाच्या वाटेला न जाणारा मुलगा. त्याने नाकारलं नाही. काही मुलींनी त्याला म्हटलं होतं, तुला जमणार नाही. त्याला जमलं. त्या मुली पहिल्यांदाच त्याच्यासोबत जेवायला बसल्या होत्या.

काही पालकांना वाटत होतं, त्याला काढून टाका. तो काही दिवस घरी बसला. त्या मुलीही. मग सुनंदाताईंनी ईराला विचारलं, तुला त्यांच्याकडून काय हवं आहे? ईरा आठवडाभर विचार करत होती. मग म्हणाली, टोबीशी समोरासमोर बोलायचं आहे.

बैठकीला तिच्या बाजूने रूपाली होती, टोबीचे आईवडील होते, सुनंदाताई आणि मी. टोबी पुन्हा पुन्हा सांगत होता, "ते खरं नव्हतं. तो नुसता एआय होता."

ईरा म्हणाली, "शब्द कोणी लिहिले?"

"मी."

"मग तुझ्या आवाजात म्हण."

टोबीच्या वडिलांनी काहीतरी बोलायला सुरुवात केली, पण त्याच्या आईने त्यांचा हात धरला. टोबीने तोंड उघडलं. "ईरा," तो म्हणाला. नाव अगदी बरोबर घेतलं. पुढचं वाक्य सुरू केलं आणि अर्ध्यात अडकला. पुन्हा सुरू केलं. ईरा त्याच्याकडे बघत वाट पाहत होती. तिने मदत केली नाही आणि थांबवलंही नाही. तिसऱ्यांदा त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो मोठ्याने रडायला लागला. शेवटपर्यंत त्याला ते म्हणता आलं नाही.

"ओके," ईरा म्हणाली. "डन."

ती कॅम्पला गेली. टोबीशी तिची मैत्री वगैरे झाली नाही, पण पुढे एकदा कोणाचा तरी फोटो बिघडवून फिरवायचा बेत चालला होता, तेव्हा सुनंदाताईंकडे जाऊन सांगणारा टोबी होता. शाळेनेही काही गोष्टी बदलल्या. असेंब्लीचे व्हिडिओ उतरवले. कोणाच्याही आवाजातला मेसेज आला तर समोर जाऊन विचारायचं, असं मुलांना दरवर्षी शिकवतात.

सुनंदाताई मात्र बदलल्या. माइकसमोर उभ्या राहायच्या नाहीत. फोन उचलायच्या, पण आपण काही बोलेपर्यंत पलीकडे नुसती शांतता असायची, श्वास ऐकू यायचा, आणि मग म्हणायच्या, "तू ये. समोर बोलू." वर्गात शिकवतानाही खडूनेच जास्त काम भागवायच्या. एकदा मी विचारलं, त्रास होतो का अजून? तर म्हणाल्या, "मी बोलायला तोंड उघडते ना, तेव्हा आधी वाटतं, ती काय म्हणेल?"

वर्षअखेर त्या नोकरी सोडून ऑकलंडला बहिणीकडे गेल्या. निरोपाच्या कार्यक्रमात मुलांनी 'हाका' हे माओरी मानवंदनेचं नृत्य केलं. त्यांनी सगळ्यांना हात जोडले आणि बसल्या.

तो मेसेज पुसला गेला, असं सांगतात. पण त्याच्या प्रती कुठेकुठे राहिल्याच. आता नवीन आलेली मुलं, ज्यांनी सुनंदाताईंना कधी पाहिलेलं नाही, तो आवाज ओळखतात. त्यातून नवीन वाक्यं तयार करतात, बहुतेक गमतीची. मी लॅबमध्ये भांडी धूत असते आणि बाहेर कॉरिडॉरमधून सुनंदाताई बोलत जातात. दर वेळी माझे हात थांबतात.

गेल्या उन्हाळ्यात मी ऑकलंडला गेले होते, तेव्हा अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात त्या भेटल्या. अळूच्या पानांच्या ढिगासमोर उभ्या होत्या. केस पूर्ण पांढरे झालेले. मला पाहून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "ईरा कशी आहे?" लगेच विचारलं. मी सांगितलं, शेवटच्या वर्षाला आहे, नव्या मुलांची पाठराखण करणाऱ्या गटात आहे. त्यांनी मान डोलावली. मग मी, सांगावं की नाही अशा मनाने, तो आवाज अजून फिरतो हेही सांगितलं.

त्या जराही दचकल्या नाहीत. पानं चाळत राहिल्या.

"काय म्हणते ती आता?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. जेवणाबद्दल, गृहपाठाबद्दल. मुलं गंमत करतात."

"असू दे," त्या म्हणाल्या. "वाईट काही म्हणाली, तर मला सांग. मी येईन."

त्यांनी विकणाऱ्या बाईकडे बघून दोन बोटं वर केली, दोन जुड्या घेतल्या, माझ्या गालाला हात लावला आणि गर्दीत शिरल्या.

ती बाई टोंगा बेटांवरची होती, हसतमुख. पिशव्या नीट लावत ती मला म्हणाली, "तुझी मावशी का? दर रविवारी येते. मला इतके दिवस वाटायचं, तिला बोलता येत नाही."

मी वळून पाहिलं. सुनंदाताई बाजाराच्या टोकाला पोचल्या होत्या. तिथे एका माणसाने त्यांना काहीतरी विचारलं, रस्ता असेल. त्या थांबल्या, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि बोटाने डावीकडे दाखवलं.